अकरा पांढरे

मोरबी
१३ ऑगस्ट १९९९

ती. मोटाबेन यांस जसुमतीचे जय श्रीकृष्ण.

तुमचं पत्र पोचलं. इकडे ठीक आहे. तुमचे भाऊ गेले त्याला परवा दोन महिने झाले. रेशनकार्डावरचं नाव कमी करून घेतलं. सायकल वशरामभाईंना देऊन टाकली, कारखान्यात जायला त्यांना उपयोगी पडेल. जेवते. झोपते. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

दुसरं एक विचारायचं होतं. घरात आता तुम्हीच थोरल्या. स्वयंपाकघर नीट करून घ्यावं असं मनात आहे. एकतीस वर्षं खाली बसून रांधलं, आता गुडघे उठू देत नाहीत. शेगडी पाटावर, पीठ मांडीशी, मागची भिंत स्टोव्हच्या काजळीने काळी. तुमच्या भावांनी जन्मभर कारखान्यात पांढऱ्या टाईलींची शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासली आणि त्यांच्याच घरात एक टाईल नाही, म्हणून कांताबेन शेजारीण हसायची.

तसा खर्च फार नाही. टाईली घरातच आहेत. दर दिवाळीला कारखान्यातून प्रत्येक माणसाला नापास मालाचं एक खोकं मिळतं. बाकीचे ते बाजारात विकून येतात, हे आणून खाटेखाली सरकवायचे. म्हणायचे, एक खोकं कमी पडतंय, पुढच्या दिवाळीला काम काढू. अकरा खोकी झाली तरी एक कमीच पडत होतं. ओट्याला कोटा फरशीचे उरलेले तुकडे गफूरभाई गवंडी दुसऱ्या कामावरून आणणार आहे. सिंक जुन्या बाजारातलं. फडताळ तेच, फक्त रंग.

एकच अडचण आहे. ओटा भिंतीच्या टोकापर्यंत न्यायचा तर माठांचं पाणियारं मधे येतं. माठ खालीही ठेवता येतील. काय करू ते लिहा.

जसुमती

—

जामनगर
१८ ऑगस्ट

जसुवहू,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, म्हटलं माझंच काहीतरी चुकत असेल.

अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वर्ष फिरलेलं नाही, दोन महिने होतायत, आणि घरात हातोडा घालणार? लोक काय म्हणतील? नवरा गेला आणि बाई ओटा बांधत बसली! गुडघे माझेही दुखतात. मी नाही कुठे भिंती फोडत.

आणि पाणियाऱ्याला हात लावशील तर याद राख. तो काय नुसता माठ ठेवायचा दगड आहे? बा रोज तिन्हीसांजेला तिथे दिवा लावायची, गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतल्याशिवाय दिवा पोचत नाही म्हणायची. बा गेल्यावर तू लावायला लागलीस, बाचं नाव घेऊन. आता त्यात माझ्या रमणीकचं नाव आलं. माझ्या धाकट्या भावाचं! माझ्याआधी त्याचं! तो आता तिथे आहे जसु, पाण्यापाशी, आणि तू विचारतेस की माठ खाली ठेवू का?

रोज दिवा लावतेस ना? तेवढं लिही.

आणखी एक बोलते, राग आला तर येऊ दे. तेराव्याला सगळ्या बाया रडत होत्या आणि तू कपबशा मोजत होतीस. सोळाच भरतायत, दोन कुठे गेल्या, असं माझ्या जावेला विचारलंस. बघत होते सगळे. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तुझी मोटाबेन, लाभु

—

मोरबी
२४ ऑगस्ट

ती. मोटाबेन,

जय श्रीकृष्ण. कपबशा अठरा होत्या. दोन कांताबेनकडे सापडल्या.

तुम्ही बोललात ते खरं आहे. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. बाया गळ्यात पडायच्या तेव्हा मला त्यांच्या केसांच्या तेलाचा वास यायचा, तेवढंच. ते गेले त्या दिवशी कारखान्यातून डबा परत आला, त्यात अर्धा रोटला होता. तो मी गाईला घातला, डबा घासला आणि पालथा घातला. नंतर लोक आले. माझं काहीतरी बधिर झालंय. दात काढायच्या आधी सुई देतात तसं. दात आहे की नाही तेही कळत नाही.

ओट्याचं का काढलं ते सांगते. परेश बडोद्याहून दोनदा येऊन गेला. मम्मी, इथे एकटी कशी राहशील, घर भाड्याने देऊ, दिवाळी झाली की मी न्यायला येतो, म्हणतो. भाचा वाईट नाही तुमचा. सूनही चांगली आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात मला बसायला एक स्टूल ठेवलंय. मी त्यावर बसते आणि ती दोघं काम करतात. मोटाबेन, मला त्या स्टुलावर मरायचं नाही. मला इथेच राहायचंय. ही मोडकी काळी खोली बघून कुणीही म्हणेल की हिला घेऊन जा. ओटा झाला, भिंत पांढरी झाली, की कोणत्या तोंडाने म्हणतील? दिवाळीच्या आत व्हायला हवं, म्हणून घाई.

लोकांचं म्हणाल तर लोकांना मी सांगितलंय की मोटाबेनची परवानगी आहे. रागावू नका.

पाणियारं तोडत नाही. गफूरभाई त्याला वळसा घालून ओटा नेणार आहे. काम सुरू झालं. टाईली पिंपात भिजत घातल्यात. दिव्याचं तेल परवाच आणलंय.

जसुमती

—

जामनगर
२८ ऑगस्ट

जसुवहू,

माझी परवानगी! वा गं वा! बरं, आता सांगितलंच आहेस तर असू दे, कोणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. परेशचं तू मला आधी का नाही लिहिलंस? स्टूल म्हणे! मी त्याचा कान पिळते, येऊ दे इकडे.

मी विचारलं दिवा लावतेस का, तू लिहिलंस तेल आणलंय. म्हातारी झाले, बावळट नाही झाले. नीट उत्तर दे.

तुला एक पाकीट येईल, आलंही असेल. उघडू नकोस. तसंच फाडून टाक नाहीतर ठेव कुठेतरी. दरवर्षी राखीच्या आठ दिवस आधी बाजारात जाते, लाल गोंड्याची राखी घेते, कुंकवाची पुडी घालते, पत्ता लिहिते, टाकते. याही वर्षी टाकली. पोस्टातून घरी आले, ताट वाढलं, पहिला घास घेतला आणि कळलं. ताट तसंच राहिलं. पोस्टात परत गेले, तर तो म्हणाला मावशी, पेटी उघडून नेली. तिथेच पायरीवर बसून रडले. लाज नाही वाटली.

तुला रडू येत नाही आणि माझं थांबत नाही. काय करायचं सांग.

लाभु

—

मोरबी
१४ सप्टेंबर

ती. मोटाबेन,

जय श्रीकृष्ण. ओटा झाला. उभ्याने चहा केला. कंबरेला बरं वाटतं.

भिंतही झाली, पण तिचं एक झालंय. गफूरभाईंनी खोकं संपलं की दुसरं फोडलं, तसं खालून वर लावत गेले. ओल्या टाईली सगळ्या सारख्याच दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळल्या, खिडकीतून ऊन आलं, आणि भिंतीवर पट्टे. मी मोजले. अकरा. एक निळसर पांढरा, एक दुधाचा, एक ताकाचा, एक म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा पिवळट. गफूरभाई डोक्याला हात लावून उभे राहिले.

म्हणाले, "बेन, तुमच्या घरवाल्यांनी केसाएवढा फरक दिसला तर आख्खा ट्रक मागे फिरवला. माझ्या साडूचा माल दोनदा परत पाठवला, अजून तो त्यांचं नाव काढतो. आणि स्वतःच्या घरी अकरा पांढरे?"

मी म्हटलं, "तुम्हाला पैसे टाईली लावायचे दिलेत, त्यांचे दोष काढायचे नाही."

मग वशरामभाई आले बघायला. आधी एवढे हसले की खालीच बसले. मग डोळे पुसले. म्हणाले, "भाभी, आम्हाला तो दिव्याखाली शेड बघूच द्यायचा नाही. उन्हात घेऊन या म्हणायचा. दिवा सगळं सारखंच दाखवतो, दिव्याचं ऐकायचं नाही. आणि हे बघा काय करून ठेवलंय!"

हे कसं झालं ते मला माहीत होतं. दिवाळीच्या संध्याकाळी ते खोकं खांद्यावर घेऊन यायचे. नव्यातली एक काढायची, खाटेखालच्यातली एक काढायची, आणि पाणियाऱ्यावर दिवा असायचा त्याच्यापाशी दोन्ही धरायच्या. "एकच आहे गं जसु, अगदी एकच." दरवर्षी. उन्हात न्यायचं त्यांना कधी सुचलंच नाही, घरचं काम होतं म्हणून. सकाळी सहाला निघायचे, अंधार पडल्यावर यायचे. घरात ऊन असतं ते त्यांनी रविवारीच बघितलं असेल.

परेशचा दहावीचा पट्टा कुठला, बा गेल्या त्या वर्षीचा कुठला, ते मला आता भाकरी थापताना दिसतं.

सात टाईली कमी पडल्या. पाणियाऱ्याच्या मागे, दिवा ठेवतो तिथेच. गफूरभाई म्हणाले, सात बाजारातून आणतो, कुठला पांढरा आणू? मला सांगता येईना. तेवढी जागा सिमेंटचीच ठेवलीय.

आता दिव्याचं. मोटाबेन, मी दिवा लावत नाही. तेराव्यानंतर एकदाही नाही. लावायला गेले होते. काडी ओढली, वात पेटवली, नावं घेत गेले. सासऱ्यांचं घेतलं, हळूच, देवशीबापा म्हणून. बाचं घेतलं. मग पुढे तोंड उघडेना. एकतीस वर्षांत त्यांचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही, तुम्हाला माहीतच आहे. हाक मारायची तर "ऐकता का", नाहीतर "परेशचे बापू". दवाखान्यात विचारलं तर शेजारच्या बाईला सांगायला लावायचं. रेशनवर कागद पुढे करायचा. आणि आता पहिल्यांदा घ्यायचं, ते गेलेल्यांच्या रांगेत? ते घेतलं की झालंच मग. मी दिवा फुंकला. बाकीच्यांना उजेड आणि ते एकटे बाहेर, असं कसं करायचं? त्यापेक्षा सगळेच अंधारात राहू देत.

बा कशा घ्यायच्या बापूजींचं नाव? मी कधी ऐकलं नाही.

तुमचं पाकीट आलं. तुम्ही नको म्हणालात तरी उघडलं. राखी मोहरीच्या डब्यात ठेवलीय. फोडणी करताना दिसते.

जसुमती

—

जामनगर
२० सप्टेंबर

जसुमती,

माझ्या भावाला तू तीन महिने अंधारात ठेवलंस! तीन महिने! आणि मला लिहितेस तेल आणलंय! सिंक लावलंस, ओटा लावलास, फडताळाला रंग दिलास, फक्त एक वात लावायला तुझे हात गळून पडले? नाव घेता येत नाही म्हणे. रमणीक. रमणीक. रमणीक. हे बघ, आलं की नाही तोंडातून? एवढं काय त्यात? त्याने तुझ्यासाठी अकरा वर्षं खांद्यावरून खोकी वाहिली आणि तुला त्याचं एक नाव वाहवत नाही!

माझा तुझ्यावर फार राग आहे. पुढे लिहवत नाही.

लाभु

—

जामनगर
२२ सप्टेंबर (पोस्टकार्ड)

जसु, परवाचं पत्र फाडून टाक. मला घ्यायला काय जातं त्याचं नाव, तो पाळण्यात असल्यापासून मी त्याला हाका मारल्यात. तू विचारलंस बाचं. बा तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, कोणाला ऐकू यायचं नाही. मी एकदा अगदी लगटून बसले होते तेव्हा ऐकलं. "देवशी" म्हणाली. बापूजी नाही, काही नाही, नुसतं देवशी. मला वाटलं अंगणात कोणी लहान मूल आहे, त्याला बोलावतेय. काळी चौदसला मी येते. चौकात वडे टाकून घरातला कलह बाहेर काढू, आधी आपल्या दोघींचा. मग दिवाळीला तू काडी ओढ, नाव मी घेते. तुझी मोटाबेन.

—

जामनगर
२ नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

जसु, न्हाणीघरात घसरले. पाय प्लास्टरमध्ये, वीस दिवस हलायचं नाही. लिहून घेणारी सून आहे, तिच्या अक्षराला हसू नकोस. मला येता येत नाही याचं किती वाईट वाटतंय ते तिला लिहायला सांगितलं तर ती म्हणते कार्डावर जागा नाही. कांताबेनला नाव घ्यायला सांग. तेही नको वाटलं तर राहू दे. मी पुढच्या वर्षी येईन. तुझ्यावर राग नाही. लाभु.

—

मोरबी
१२ नोव्हेंबर १९९९

ती. मोटाबेन यांस जसुमतीचे जय श्रीकृष्ण.

पाय कसा आहे? हळद-दूध घेता का? सुनेचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, तिला सांगा.

धनतेरसला वशरामभाई सायकलवरून आले. तुमच्या भावांच्या त्याच सायकलवरून. पाठीमागे दोन खोकी बांधलेली. एक त्यांचं. दुसरं उतरवून त्यांनी दारातच ठेवलं आणि आत येईनात. मी म्हटलं हे काय? म्हणाले, "यादी गेल्या वर्षीचीच होती भाभी, नाव कोणी खोडलं नव्हतं. मी खोडायला लावलं नाही. पुढच्या वर्षी नसेल." मी पाणी दिलं. ते पाणियाऱ्यापाशी उभं राहून प्यायले आणि गेले.

खोकं मीच फोडलं. बारावं. एकेक टाईल घेऊन अंगणात उन्हात गेले. एकीचा कोपरा उडालेला, एकीवर सुईएवढं छिद्र, एकीवर झिलईचा थेंब सुकलेला. निवडून सात चांगल्या काढल्या. पांढरा वेगळाच निघाला, थोडा गुलाबीकडे झुकणारा, या अकरांत कुठेच नव्हता तो. गफूरभाई दिवाळीच्या सकाळी येऊन लावून गेले, मजुरी घेतली नाही. सणाचे पैसे घेणार नाही म्हणाले. त्यांचा सण नसतानाही.

संध्याकाळी कांताबेन येऊन उभी राहिली. तुम्ही तिला निरोप पाठवला होता वाटतं. म्हणाली, "लाव तू, नाव मी घेते." मी तिला म्हटलं, "घरी जा, तुझे दिवे विझतायत." ती गेली. वाईट वाटलं असेल तिला. उद्या शेव घेऊन जाईन.

काडी ओढली. वात पेटली. समोर बघितलं तर भिंत एकच. मोटाबेन, सगळा एकच पांढरा. निळसर नाही, ताकाचा नाही, गुलाबी नाही. दिवा जसा दाखवायचा तसाच दाखवत होता. ते खोटं बोलत नव्हते. इथे उभं राहून त्यांना हेच दिसायचं.

देवशीबापा म्हटलं. मोंघीबा म्हटलं. मग "परेशचे बापू" म्हटलं. पण ते काही नाव नव्हे.

मग रमणीक म्हटलं.

एवढंसं आहे. चार अक्षरं. मी एकतीस वर्षं केवढं मोठं समजून बाजूला ठेवलं होतं. मला वाटलं होतं की नाव घेतलं की ते गेलेच. तसं झालं नाही. तोंडाला चव आल्यासारखं झालं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. मला कळत नव्हतं की मी मोठ्याने म्हणतेय. माठाला धरून उभी होते आणि म्हणत होते. नाक वाहत होतं, पदराने पुसत होते.

भाऊबीजेला परेश आला, न्यायला. ओट्यापाशी उभ्याने चहा प्यायला. पट्टे बघून म्हणाला, "मम्मी, गवंड्याने फसवलं तुला." मी त्याला त्याचं दहावीचं वर्ष दाखवलं. त्याने त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तो न्यायलाच येणार म्हणून मी भरून ठेवलेली बॅग त्यानेच माळ्यावर टाकली. आता जानेवारीत मुलांना घेऊन येतो म्हणालाय.

दिवाळीच्या त्या संध्याकाळी कांताबेनने भिंतीपलीकडून विचारलं होतं, "जसु, अगं कोणाला हाका मारतेस?"

मी म्हटलं, "घरातच आहेत."

तुमची,
जसु